परदेशी निघण्यापूर्वी

(मंडळाच्या विद्यार्थी व युवक मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की, जो माणूस स्वतः कधी परदेशी राहिला नाही त्याने या विषयावर काय सांगावे? आम्ही बँकेत कारकून. विमानतळ पाहिला तो कुणाला पोहोचवायला गेलो म्हणून. परंतु विचार केल्यावर वाटले की, तिकडचे सांगणारे पुष्कळ आहेत. दुबईत उकाडा किती, जर्मनीत थंडी किती, लंडनला खोलीचे भाडे किती, हे सांगायला गल्लीगल्लीत कुणाचा तरी भाचा किंवा मेहुणा असतो. इकडचे मात्र कुणी सांगत नाही. माणूस गेल्यावर त्याचे वडील, त्याची बायको, कधी त्याचा धाकटा भाऊ आमच्या काउंटरवर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "साहेब, आता काय करायचे?" ते "आता काय" निघण्यापूर्वीच करून ठेवायला हवे होते, हेच बहुतेक वेळा उत्तर असते. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते मुख्यतः इकडच्या तयारीविषयी.

आपल्या वस्तीतून बाहेर जाणारे दोन तऱ्हेचे. एक आखाती देशांत कामाला जाणारे, म्हणजे वायरमन, फिटर, ड्रायव्हर, सुतार, रुग्णालयातील परिचारिका, घरकामाच्या बाया. दुसरे उच्च शिक्षणासाठी इंग्लंड, जर्मनीसारख्या देशांत जाणारे विद्यार्थी. दोघांचे प्रश्न पुष्कळसे वेगळे आहेत, तरी काही अगदी सारखे आहेत.

आधी आखाताचे घेऊ, कारण तिथे फसगत जास्त होते.

आपल्याला कोण नेतो आहे, हे पहिले पाहावे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. एजंटाने फी किती घ्यावी यालाही मर्यादा घातलेली आहे, ती ३० हजार रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. आता आपण आजूबाजूला विचारून पाहा. सव्वा लाख, दीड लाख मोजल्याशिवाय कुणी गेला आहे काय? तीस हजारांवरची जी रक्कम मोजली जाते तिची पावती कधीच नसते. पावती नसलेला पैसा परत मागायला कोणत्याही कचेरीची पायरी चढता येत नाही. आम्ही तर असे म्हणू की, पैसे बँकेतून द्या, धनादेशाने किंवा खात्यातून खात्यात. जो एजंट म्हणतो "रोखच पाहिजे", त्याच्याविषयी तुम्हाला जे कळायला हवे ते त्या क्षणी कळलेले असते.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. जे दहावी उत्तीर्ण नाहीत त्यांच्या पासपोर्टवर सर्वसाधारणपणे ई.सी.आर. असा शिक्का असतो. अशा माणसाला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जाताना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. पुष्कळांना हा एक जाच वाटतो. वास्तविक ती आपली ढाल आहे. त्या परवानगीमुळे करारनामा सरकारदरबारी नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेखाली १० लाख रुपयांचा विमा उतरविला जातो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये एवढाच आहे. एका विमानतळावरच्या चहापाण्यात तेवढे पैसे जातात. जे दहावी पास आहेत त्यांच्यावर या परवानगीची सक्ती नाही, पण मग त्यांच्या करारावर सरकारी नजरही नाही. त्यांनी स्वतःच अधिक डोळसपणे पाहावे.

"व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर कामाचा व्हिसा करून देतो" असे जो म्हणतो त्याच्याबरोबर जाऊ नये. भेटीच्या व्हिसावर काम करणे हा तिकडे गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो कामगार, एजंट नव्हे. ई.सी.आर. पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालील स्त्रियांना या देशांत घरकामासाठी जाण्यास आपले सरकार परवानगी देत नाही. म्हणून नेमके अशा मुलींनाच भेटीच्या व्हिसावर नेले जाते. महिला मंडळाच्या भगिनींनी ही एक गोष्ट घरोघर सांगितली तरी आजच्या सभेचे पुष्कळ काम झाले असे आम्ही समजू.

आता करारनामा. सगळे विचारतात "पगार किती?" आणि उत्तर ऐकून खूश होतात. आम्ही बँकेतले, आम्हाला पगारपत्रक फोडून पाहण्याची सवय. समजा, दोघेजण अमिरातीत कामाला लागले. दोघांनाही दरमहा १,५०० दिरहम. परंतु एकाच्या कागदावर मूळ पगार १,२०० आणि भत्ते ३००, तर दुसऱ्याच्या कागदावर मूळ पगार ७५० आणि भत्ते ७५०. हातात सारखेच पडतात. पण तिथल्या कायद्याप्रमाणे नोकरी संपताना जी उपदानाची रक्कम मिळते ती पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. म्हणजे पहिल्याला दिवसाचे ४० दिरहमप्रमाणे वर्षाला ८४०, पाच वर्षांचे ४,२००. दुसऱ्याला दिवसाचे २५ प्रमाणे वर्षाला ५२५, पाच वर्षांचे २,६२५. फरक १,५७५ दिरहमांचा, म्हणजे एका महिन्याच्या पगाराहून जास्त. जादा कामाचा मोबदलाही मूळ पगारावरच मोजतात. म्हणून सही करण्यापूर्वी मूळ पगाराचा आकडा शोधावा. तो वेगळा लिहिलेलाच नसेल तर लिहून मागावा.

त्याच कागदावर आणखी पाहावे की राहण्याची सोय मालकाची आहे की आपली, जेवणाचे काय, आठवड्याची सुट्टी कोणती, कराराची मुदत किती, घरी येण्याचे तिकीट कोण देणार. हिंदी-इंग्रजी येत नसेल तर वाचून घ्यावे. आपल्या मंडळात पदवीधर मुले भरपूर आहेत, त्यांना संध्याकाळी अर्धा तास बसवावे. आणि इथे दाखविलेला कागद व तिकडे सही करायला पुढे केलेला कागद एकच आहे काय, हे ताडून पाहण्यासाठी इथल्या कागदाची एक प्रत घरी ठेवून जावे.

पासपोर्ट मालकाने काढून घेणे हे अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याला मंजूर नाही. माणसे नेमण्याचा खर्च कामगाराकडून वसूल करणेही त्या कायद्याला मंजूर नाही. तरीदेखील दोन्ही घडते. पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या, व्हिसाच्या आणि कराराच्या छायाप्रती घरी असल्या म्हणजे निदान आपल्या वकिलातीकडे तक्रार करताना घरच्यांच्या हातात काहीतरी असते. नाहीतर आई येऊन सांगते, "तो कुठल्या तरी कंपनीत आहे." एवढ्यावर वकिलात काय करणार?

मित्रहो, आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरे म्हणजे इथे उभे आहोत तिच्याकडे येतो. ती म्हणजे जाण्यासाठी काढलेले कर्ज.

एखादा मुलगा दीड लाख रुपये खाजगी सावकाराकडून शेकडा तीन रुपये दराने उचलतो. शेकडा तीन ऐकायला गोड लागते. ते दरमहा आहे. दीड लाखावर महिन्याला साडेचार हजार व्याज झाले. दोन वर्षांत १ लाख ८ हजार रुपये व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी. आता तिकडची बाजू बघा. १,५०० दिरहम पगार, हिशेबापुरता दिरहम २४ रुपये धरू, म्हणजे ३६ हजार. जेवणाखाणाचे, फोनचे, साबण-तेलाचे ६०० दिरहम गेले तर ९०० उरले, म्हणजे २१,६०० रुपये. त्यातून व्याज साडेचार हजार, घरचा किराणा, मुलांची फी, म्हाताऱ्यांची औषधे. मुद्दल कधी फिटणार? आणि ही पहिल्या महिन्यापासूनची गोष्ट नाही. तिकडे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते, ओळखपत्र निघते, खाते उघडते, पहिला पगार हाती पडायला कधी कधी दोन महिने जातात. व्याज मात्र विमान उडण्याच्याही आधीपासून चालू असते. वैद्यकीय तपासणीत क्षयरोग किंवा एच.आय.व्ही. निघाला तर माणसाला परत पाठवितात. मग कर्ज आहे आणि नोकरी नाही. इथे मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी होते ती म्हणून मन लावून करून घ्यावी. "डॉक्टरला सांगून पास करून घेतो" म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

त्यापेक्षा घरात चार तोळे सोने असेल तर बँकेत सोनेतारण कर्ज काढावे, त्याचा दर सावकाराच्या दराच्या जवळपासही नसतो. माता-भगिनींना अंगावरचे देताना जिवावर येते हे आम्ही समजू शकतो. पण सोने पेटीत राहिले आणि सावकाराने घर लिहून घेतले, हा व्यवहार उलटा झाला. शेतजमीन किंवा राहते घर मात्र एजंटाच्या फीसाठी कधीही गहाण टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. इथे चर्चेला जागा आहे असे आम्हाला वाटत नाही.

आता विद्यार्थ्यांकडे वळू.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्र सरकारचीही परदेश शिष्यवृत्ती आहे. विद्यापीठाचा क्रमांक, उत्पन्न, वय यांच्या अटी दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून मोठ्या भावाच्या मित्राने सांगितलेल्या अटींवर विसंबू नये, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. शिष्यवृत्ती किती वर्षांची, कशाकशाचा खर्च देणारी आणि कोणत्या बंधनाची, हे तीन प्रश्न त्यात शोधावे.

बाबासाहेबांच्या परदेशगमनाचा गौरव आपण नेहमी करतो. त्यातील व्यवहाराची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला गेले ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या लेखी कराराने. पुढे लंडनला अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना तो अर्धवट टाकून परतावे लागले. पण परतताना त्यांनी एक काम करून ठेवले होते. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेतली होती. त्या परवानगीच्या जोरावर, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकून आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेऊन ते १९२० साली परत गेले. १९१७ च्या परतीच्या वेळी त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती, ती बोट महायुद्धात बुडाली. सामान वेगळे पाठविणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. मूळ कागद नेहमी अंगाबरोबर असावेत.

शिष्यवृत्ती न मिळाल्यास शैक्षणिक कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागते आणि परदेशी शिक्षणाच्या खर्चातील १५ टक्के वाटा आपल्याला घालावा लागतो. शिकत असताना आणि नंतर एक वर्षपर्यंत हप्ता सुरू होत नाही, याचा अर्थ पुष्कळ पालक असा घेतात की तोपर्यंत व्याजही नाही. व्याज पहिल्या दिवसापासून लागते, फक्त मागितले जात नाही. घरातून दरमहा नुसते व्याज भरता आले तरी पुढचा डोंगर पुष्कळ लहान होतो.

कर्ज रुपयांत मंजूर होते आणि फी पौंडात किंवा डॉलरमध्ये भरायची असते, हे ध्यानात असू द्यावे. १९९१ च्या अवमूल्यनापूर्वी डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता, २०२२ मध्ये त्याने ८० ओलांडले. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाची फी पहिल्या वर्षाच्या दराने मोजली की गणित चुकते. दर दहा टक्क्यांनी वाढेल असे धरूनच अर्ज करावा.

मग येतो तो "दाखवायचा पैसा". इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. जर्मनीत ब्लॉक खाते म्हणून असते, त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरोच काढता येतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरे, पण पोटाचा खर्च आधीच मोजून टाकावा लागतो हे त्याबरोबर सांगितले जात नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ए.पी.एस. हे प्रमाणपत्र व्हिसाआधी मिळवावे लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा. इंग्लंडसाठी मात्र लोक काय करतात, नातेवाइकाकडून महिनाभरासाठी पैसे आणून खात्यात ठेवतात आणि व्हिसा मिळताच परत करतात. मुलगा तिकडे उतरतो तेव्हा कागदावरचा पैसा खिशात नसतो. मग आठवड्याला वीस तासच काम करण्याची परवानगी असताना तो तीस-पस्तीस तास राबतो, अभ्यास मागे पडतो आणि व्हिसाही धोक्यात येतो. तो पैसा दाखविण्यासाठी मागितलेला नसून जगण्यासाठी मागितलेला आहे, एवढे पालकांनी लक्षात घ्यावे. नियम मध्येच बदलू शकतात हेही धरून चालावे. जानेवारी २०२४ पासून इंग्लंडने संशोधनाचे अभ्यासक्रम सोडून बाकीच्या बहुतेक नव्या विद्यार्थ्यांना नवरा-बायको, मुले बरोबर आणण्यास बंदी केली. त्याआधी "नंतर बायकोला बोलावतो" असे ठरवून तयारीला लागलेल्यांचे बेत तिथेच राहिले.

कागदपत्रांविषयी फार लांबवत नाही, पण आपल्या समाजात एक अडचण खास आहे, ती सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेक घरांत आडनावे बदललेली आहेत. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, आजोबांच्या कागदावर तिसरेच. लग्नानंतर मुलीचे नाव वेगळे. इथे चालून जाते, कारण तलाठ्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे ओळखतात. परदेशी कचेरीत कुणी ओळखत नाही. पासपोर्ट, दहावीचे प्रमाणपत्र आणि पदवी यांवरचे नाव व जन्मतारीख अक्षरशः एक असावी. नसल्यास राजपत्रात नावबदल छापून घ्यावा. प्रमाणपत्रांचे साक्षांकनही इथेच करून जावे. हेग करारातील देशांना अपॉस्टिलचा शिक्का चालतो, सौदी अरेबिया २०२२ साली त्या करारात आला. जे देश त्यात नाहीत त्यांच्यासाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाची वकिलात अशा पायऱ्या चढाव्या लागतात. तिकडून हे काम टपालाने करायचे म्हटले तर पाच-सहा महिने सहज जातात.

आणि घर बंद करून जाणाऱ्यांनी जुने कागद वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. जातीच्या दाखल्यासाठी व पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेचा एक फाटका दाखला किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा असतो. आपण तिकडे दहा वर्षे राहिलो आणि मुले परत येऊन इथे शिकायची म्हणाली तर त्या कागदाची किंमत कळेल. स्वतःची वैधता निघण्यापूर्वी काढून ठेवावी. तिकडे मूल जन्मले तर एक वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत त्याची नोंद करावी, नाहीतर त्याच्या भारतीय नागरिकत्वासाठी दिल्लीपर्यंत अर्ज करावे लागतात.

आता आमच्या काउंटरवरचे. १९९९ च्या फेमा कायद्याप्रमाणे माणूस नोकरीसाठी परदेशी गेला की तो अनिवासी होतो, विद्यार्थ्यालाही तसेच धरतात. त्याचे इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही, ते एन.आर.ओ. करून घ्यावे लागते. तिकडची कमाई पाठविण्यासाठी एन.आर.ई. खाते उघडावे. एन.आर.ई.वरच्या व्याजाला इथे कर नाही आणि पैसा केव्हाही परत बाहेर नेता येतो. एन.आर.ओ.च्या व्याजावर मात्र ३० टक्के दराने कर आधीच कापला जातो, वर उपकर वेगळा. चालू असलेले पी.पी.एफ. खाते मुदतीपर्यंत चालवता येते, नवीन उघडता येत नाही. अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर चालते. गावाकडे चार एकर घेण्याचे ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे आधी विचारात घ्यावे. कराचीही एक बारीक गोष्ट आहे. ज्या आर्थिक वर्षात नोकरीसाठी निघायचे, त्या वर्षी १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर त्या वर्षीचा परदेशी पगार इथल्या उत्पन्नात धरला जाऊ शकतो. म्हणजे सप्टेंबर संपण्याआधी निघालेला आणि नोव्हेंबरात निघालेला यांच्यात फरक पडतो. मोठा पगार असलेल्यांनी तारीख ठरविण्यापूर्वी हिशेबनिसाला विचारावे.

आणखी एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. बँकेचा ओ.टी.पी. इथल्या मोबाईलवर येतो. मुलगा जातो, तीन-चार महिने रिचार्ज होत नाही, नंबर बंद पडतो, पुढे तोच नंबर दुसऱ्याला मिळतो. मग खात्यात पैसा असून हात लावता येत नाही. तिकडे संदेश येतील अशी सोय करून घ्यावी किंवा खात्यावर तिकडचा नंबर नोंदवावा, आणि इथला नंबर सोडायचाच असेल तर आधी आधार आणि बँक दोन्हीकडून काढावा.

पैसा कुणाच्या खात्यात पाठवायचा? हा प्रश्न नाजूक आहे, पण आम्ही बोलणार. लग्न झालेल्याने बायकोच्या खात्यात पाठवावा. तिच्या एकटीच्या नावाचे खाते, तिचे ए.टी.एम. कार्ड तिच्याच हातात. आईवडिलांना वेगळी रक्कम लावून द्यावी. आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत, भाऊ पैसे मागवतो, प्लॉट घेतो, प्लॉट भावाच्या नावावर होतो, कारण "तू तिकडे आहेस, सही कोण करणार?" भाऊ लबाड असतोच असे नाही. पण त्याचीही मुले मोठी होतात. सात वर्षांनी परत आलेला माणूस स्वतःच्या घामाच्या घरात पाहुणा होऊन बसलेला आम्ही पाहिला आहे, आणि त्याची बायको काउंटरपाशी उभी राहून त्या सात वर्षांच्या पावत्या मागत होती. पावत्या सगळ्या निघाल्या. प्लॉट निघाला नाही.

मिळकतीच्या कामासाठी मुखत्यारपत्र इथूनच, वकिलाकडून, नेमक्या कामापुरते आणि नोंदणी करून द्यावे. "सर्व अधिकार" असे दोन शब्द घालून मोकळे होऊ नये. तिकडे गेल्यावर करायचे झाल्यास वकिलातीत साक्षांकित करून, इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. प्रत्येक खात्यावर नॉमिनी लावलेला आहे काय हे पाहावे. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर आईचे नाव असते, तसेच राहते. एन.आर.ई. खात्यात जवळच्या नातेवाइकाचे नाव जोडता येते, तेही करून जावे.

सामानाबद्दल एकच सांगतो, कारण ते ऐकून पुष्कळांना हसू येते. अमिरात आणि सौदी अरेबियात खसखस नेण्यास बंदी आहे. तिथे ती अफूच्या वर्गात मोडते आणि तिच्यामुळे माणसे तुरुंगात गेली आहेत. आपल्या घरच्या मसाल्यात ती घालतात, अनारशांवर लावतात. आईने प्रेमाने बांधून दिलेला डबा आधी उघडून पाहावा, आणि मसाला खसखस वगळून करून घ्यावा. झोपेच्या, वेदनाशामक आणि खोकल्याच्या काही औषधांवरही तिथे निर्बंध आहेत, कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही नावे लक्षात ठेवा. रोजचे औषध असेल तर डॉक्टरांचे पत्र जवळ हवेच, आणि त्या देशाची पूर्वपरवानगी लागते काय हे निघण्यापूर्वी पाहावे. दुसऱ्याचे पार्सल "फक्त पोहोचवायला" म्हणून घेऊ नये, सख्ख्या शेजाऱ्याचेही.

सभा संपल्यावर हमखास विचारतात, किती पैसे जवळ ठेवून निघावे? आम्ही आकडा सांगत नाही, रीत सांगतो. घरी सहा महिन्यांचा किराणा, भाडे, फी आणि कर्जाचे व्याज एवढी रक्कम बाजूला हवी. त्याशिवाय परतीच्या तिकिटाची रक्कम बायकोच्या किंवा वडिलांच्या नावाने वेगळ्या ठेवीत असावी, आणि लग्नकार्यालासुद्धा तिला कुणी हात लावू नये. काही अघटित घडल्यास आपल्या वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडकलेल्याला परत आणण्यासाठी आणि मृतदेह पाठविण्यासाठी त्यातून मदत मिळते, पण त्यासाठी पासपोर्ट क्रमांक, मालकाचे नाव-पत्ता आणि विम्याचा कागद घरच्यांकडे असावा लागतो. हे सगळे एका फायलीत घालून ती फाईल कुठे ठेवली आहे ते घरातल्या दोघांना दाखवून मगच निघावे. एकाला दाखवली आणि तोच माणूस गावाला गेला, असेही घडते.

ज्यांच्याजवळ आज करारनामा किंवा प्रवेशपत्र आहे त्यांनी तो घेऊन थांबावे. आम्ही चहा झाल्यावर मागच्या टेबलाशी बसणार आहोत.